बाबा वर गेले

१

आमच्या घरात ‘वर’ हा शब्द कुणी कधी जपून वापरला नाही. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. इमारतीच्या पोटातल्या त्या काळोखात उभं राहून त्यांनी जन्मभर दोनच शब्द ओरडले, "वर!" आणि "खाली!" गच्चीवरच्या मशीनपाशी बसलेला जोडीदार तेवढं ऐकून लिफ्ट हलवायचा. घरी आल्यावरही जिभेची सवय तीच. रेडिओचा आवाज वाढवायचा असला की "जरा वर घे", आणि आई तापली की "आता खाली ये बघू".

ते गेले तेही वरच्या खोलीतच, कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. आईला मात्र खाली कळलं. काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि ती जिन्याशी जाऊन उभी राहिली. तिचे गुडघे त्याआधीच कामातून गेले होते, एक पायरी चढायची सोय नव्हती. तिनं खालूनच हाका मारल्या. मी घरी पोचले तेव्हाही ती हाकाच मारत होती. त्यानंतरही ती वर कधी गेली नाही. जायचं मात्र तिच्या मनात फार होतं. शेंगा सोलता सोलता, सहज आठवल्यासारखं करून म्हणायची, "एकदा तुझ्या बाबांची खिडकी बघायची होती गं."

ज्या माणसानं अख्ख्या गावाला वर चढवलं त्याच्याच बायकोला स्वतःच्या घरात वर जाता येईना, हे बाबांनाही फार लागलं होतं. म्हणून त्यांनी जिन्याला सरकती खुर्ची बसवायला घेतली होती. भिंतीच्या कडेनं लोखंडी रूळ ठोकून झाला होता. रुळावर खुर्ची चढली होती, तिच्यावर आईनं शिवलेली जाड गादीही आली होती. मोटर तेवढी राहिली. ती वरच्या खोलीत खोक्यात तशीच, चिकटपट्टीसकट. खुर्ची जिन्याच्या तळाशी होती, आणि आई तिच्यावर बसून आल्यागेल्याला सांगायची, "ही आमच्या ह्यांची लिफ्ट. सध्या तळमजल्यावरच थांबते."

२

वरच्या खोलीत बाबांचा कॉम्प्युटर होता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक लिफ्टचे फोटो आणि व्हिडिओ त्यांनी त्या त्या इमारतीच्या नावानं फोल्डर करून ठेवले होते. व्हिडिओत बघण्यासारखं काही नव्हतं. काळोख, लोंबत्या तारा आणि मधूनच त्यांचा आवाज: "वर... अजून वर... थांब." पण तो आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. त्यामुळे कॉम्प्युटरची डिस्क झोपेत दात खाल्ल्यासारखी करकरायला लागली तेव्हा माझं धाबं दणाणलं.

मी छापखान्यात अक्षरजुळणी करते. कॉम्प्युटरला कामं नेमून देणारी स्क्रिप्ट लिहिणं हे काही माझं काम नव्हे, पण नेटवर शोधून, इकडचं तिकडे जोडून मी एक जमवली. फुकट मिळणाऱ्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, खातं उघडलं. स्क्रिप्टनं रोज दुपारी आपणहून जागं व्हायचं, एक फोल्डर उचलायचं, क्लाउडवर चढवायचं आणि आमच्या तिघींच्या ग्रुपवर निरोप टाकायचा. तिघी म्हणजे आई, मी आणि परगावी राहणारी धाकटी बहीण. निरोप मी आईला समजेल असा ठेवला. आधी फोल्डरचं नाव आणि पुढे ‘वर गेले’.

"फुकटात जागा किती देतात?" आईनं विचारलं.

"मोजकीच."

"वरसुद्धा जागा मोजून मिळते होय? मग तुझे बाबा मावले कसे? ते तर झोपेत चहूकडे पसरायचे."

सुरुवातीला मी घरच्या फोटोंचं फोल्डर लावलं होतं. त्याचं नाव ‘बाबा’. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेसमध्ये फोन वाजला आणि मी ग्रुप उघडला.

"बाबा वर गेले."

मी ते दोनदा वाचलं. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तेवढ्यात आईचा आवाज आला. ती लिहीत नाही, बोलूनच पाठवते. "अगं, ते जाऊन किती दिवस झाले! आज कळवतायत होय? नेहमीचंच आहे त्यांचं, सगळं उशिरा." पाठोपाठ धाकटीनं विचारलं, "परत?" मी प्रुफांच्या चळतीवर डोकं टेकून इतकी हसले, की डोळे पुसायला हाताला लागेल ते फडकं घेतलं. ते शाईचं निघालं. उरलेला दिवस मी तशाच काळ्या तोंडानं काम केलं, आणि फार दिवसांनी मला मनापासून बरं वाटत होतं.

३

आमच्या प्रेसमध्ये एक मुद्रितशोधक आहेत. छापलेल्या पानावरचं हरवलेलं टिंब त्यांना लांबूनही दिसतं, म्हणून सगळे त्यांना अनुस्वार म्हणतात. ते माझ्या शेजारीच बसतात. त्यामुळे माझ्या फोनवर येणारे निरोपही तपासून मिळतात.

"दवाखाना वर गेले," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बँक वर गेले. कोण गेले, दरोडेखोर? अगं, दवाखाना गेला, बँक गेली. एवढं ‘गोदाम वर गेले’ बरोबर आहे, तेही चुकून."

"मशीन आहे हो ते. त्याला कुठलं लिंग कळतंय? मी एकच शब्द देऊन ठेवलाय, गेले. तोच सगळ्यांना लावतं."

"अक्षरजुळणी करणाऱ्या बाईच्या घरातलं मशीन आणि असं बोलतं? शोभत नाही तुला."

मी कानाडोळा केला. असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी निरोप आला, आणि अनुस्वारांनी चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"शाळा वर गेली. शाबास! केलीस ना दुरुस्ती?"

मी नुसती मान हलवली. दुरुस्ती मी केली नव्हती.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या वर जाऊन स्क्रिप्ट उघडली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ‘वर गेले’ एकदाच होतं, माझ्याच हातचं. ‘गेली’ कुठे नव्हतं, ‘गेला’ही नव्हतं. पंखा बंद होता. खिडकीतून उन्हाची शेवटची पट्टी टेबलावर आली होती, तिथे बाबांचा पाना आणि चष्म्याचं घर होतं तसंच होतं. डिस्क करकरत होती. मी धाकटीला फोन लावला.

"तू त्या स्क्रिप्टमध्ये काही केलंस का?"

"स्क्रिप्ट? ताई, मला नाटकाची स्क्रिप्ट माहितीये फक्त. त्यातही मी झाड व्हायचे."

मग मीच माझी समजूत घातली. हल्ली फोन फार शहाणे झालेत, न विचारता शुद्धलेखन सुधारतात, हेही त्यातलंच असेल. हे मनाला पटलंसुद्धा. उतरताना मी सवयीनं रुळावर हात टेकला आणि हात घसरला. बोटं चिकट झाली होती. नाकाशी नेऊन बघितलं तर ग्रीस होतं, ताजं, बाबांच्या कपड्यांना यायचा त्याच वासाचं.

"आई, रुळाला तू काही लावलंस?"

"मी कशाला लावू? आणि लावलंच असतं तर स्वयंपाकघरातलं तेल लावलं असतं. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि हात धुतले. वास जायला साबण दोनदा लावावा लागला.

४

"बोका वर गेला."

बोका नावाचं फोल्डर आमच्याकडे नव्हतं. बोकाही नव्हता. पण लगेच आईचा आवाज आला, "हो गं! शेजारचा बोका आत्ताच आपल्या पत्र्यावर चढला. मला खिडकीतून शेपूट दिसतंय त्याचं. तुमच्या कॉम्प्युटरला दिसतं वाटतं सगळं!"

धाकटीनं हसण्याची चित्रं टाकली.

त्यानंतर आलं ते असं: "दूध वर आलं."

त्या संध्याकाळी आई दारातच उभी होती, बातमी पोटात मावत नसल्यासारखी. "अगं, माझा खुर्चीत डोळा लागला होता. दूध गॅसवर. फोन वाजला म्हणून जागी झाले, बघते तर हे! गेले तशीच भिंत धरत धरत. अगदी काठाशी आलं होतं बघ. थेंबही सांडू दिला नाही."

"आई, मी ती स्क्रिप्ट बंद करते."

"अजिबात करायची नाही." तिनं अशा आवाजात म्हटलं, की लहानपणीसारखी माझी मान खाली गेली. "इतक्या दिवसांनी या घरात कुणीतरी मला वेळेवर काही सांगतंय. सांगतंय तर सांगू दे."

तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला भीती वाटली आणि भीती वाटल्याची लाजही वाटली. ती त्या दिवसापासून जेवायला गोडीनं बसायला लागली. केसांना तेल लावायला लागली. दुपारी निरोप आला की शेजारणीला वाचून दाखवायची.

अनुस्वारांना मी दुधाचा निरोप दाखवला. त्यांनी तो पेनाचं टोक फिरवत अक्षर अक्षर वाचला.

"यात चूक नाही ना?" मी विचारलं.

"चूक नाही. पण बघ, तू दिलेला शब्द पुस्तकी आहे. गेले. इथे ‘आलं’ आहे, वर टिंब देऊन." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे कुणी लिहिलेलं नाही. हे कुणीतरी बोलतंय."

त्या रविवारी आई शेजारी गेली असताना मी वर गेले. स्क्रिप्ट बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून भिंतीतून प्लगही काढला. खोली एकदम गप्प झाली. करकर थांबल्यावर कळलं, की त्या आवाजाच्या आड दुसरा एक आवाज होता. जिन्याच्या भिंतीतून, रुळाच्या बाजूनं, टक्, आणि थोड्या वेळानं पुन्हा टक्. लोखंड तापतं, निवतं, वाजतं. एवढं तर मलाही कळतं. मी असं म्हणत म्हणत जिना उतरले, जरा जास्तच भराभर.

आई वर कशी जाऊ शकते, ते मला माहीत होतं. बाबा गेले तशी. तेवढा एक निरोप येऊ नये, बाकी काहीही येवो, असं माझं चाललं होतं. आता प्लगच काढला होता, म्हणजे येणार तरी कुठून?

५

तो दुसऱ्याच दिवशी दुपारी आला.

"आई वर गेली."

मी वाचलं आणि माझे हात तसेच कीबोर्डवर राहिले. अनुस्वार सवयीनं वाकले, त्यांनीही वाचलं. व्याकरणाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

"ऊठ," ते म्हणाले. "पानं मी बघतो. तू घरी जा."

रस्त्यातून मी फोन लावत राहिले. घंटी वाजायची आणि बंद व्हायची. शेजारणीला लावला, तर ती बाहेर गेली होती. मिळालेल्या गाडीत बसून मी मनातल्या मनात आईला रागावत होते, फोन उचलायला काय होतं, किती वेळा सांगितलंय फोन जवळ ठेव म्हणून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी देवा, देवा करत होते. गल्लीच्या तोंडाशी उतरून उरलेलं अंतर पळाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ओटा पुसून ठेवलेला, दुधाचं पातेलं झाकलेलं, गॅस बंद. तिच्या पलंगावर चादरीला एक सुरकुती नव्हती. फोन उशाशी, माझ्या नावानं उजळून पुन्हा विझलेला. न्हाणीघराचं दार उघडं, आत कुणी नाही. "आई!" मी हाक मारली, आणि माझाच आवाज मला तिच्यासारखा ऐकू आला, त्या दिवशी जिन्याशी उभी होती तेव्हासारखा.

जिन्याशी तिच्या चपला होत्या. जवळजवळ, नीट ठेवलेल्या. शेंगांची परडी पायरीवर, अर्धी सोललेली. आणि खुर्ची तिथे नव्हती.

मी वर पाहिलं. खुर्ची जिन्याच्या माथ्यावर होती.

वरून कुणीतरी हसलं.

६

आई खिडकीशी उभी होती. एका हातानं गज धरून, पदर वाऱ्यावर सोडून, तोंडभर हसत. गालांवरून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंही नव्हतं.

"घाबरलीस का गं? ये, ये आधी इकडे. बघ तरी!"

मी तिला घट्ट धरलं. गरम होती, धापा टाकत होती, तिला केसांच्या तेलाचा वास येत होता. माझी आई, जिवंत, आणि वर. मला रडू आलं आणि ती माझ्या पाठीवर थोपटत हसतच राहिली.

"आलीस कशी तू?"

"बसून."

"आई, मोटर..."

खोकं टेबलाखालीच होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी, वर बोटभर धूळ. कॉम्प्युटरचा पडदा काळा. प्लग मी ठेवला तिथेच फरशीवर पडला होता.

"मी शेंगा सोलत होते," आई म्हणाली. "तर कुणीतरी विचारलं, ‘नीट?’ एवढंच. ते विचारायचे ना गं, लिफ्ट हलवायच्या आधी, आत माणूस असलं की? मी म्हटलं, नीट. म्हटलं, चपला काढते फक्त. आणि मग निघालीच की ती! अशी हळू, अशी अलगद. पोटातलं पाणी हललं नाही."

तिनं मला खिडकीकडे वळवलं. समोर गाव पसरलं होतं, गच्च्यांमागून गच्च्या, आणि प्रत्येक गच्चीवर लिफ्टच्या मशीनची ती चौकोनी खोली, कुठे पिवळी, कुठे पांढरी, उन्हात न्हालेली.

"ही सगळी त्यांची?" तिनं विचारलं.

"बरीचशी."

"म्हणून इथे बसायचे होय. मला वाटायचं, माझी कटकट नको म्हणून बसतात." ती पुन्हा हसायला लागली आणि मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी त्या खिडकीशी खांद्याला खांदा लावून कुठली इमारत कुठली ते ओळखत बसलो. तो दवाखाना, ती शाळा, पलीकडे गोदाम. ज्या खोलीत बाबा गेले, त्याच खोलीत आम्ही मोठमोठ्यानं हसत होतो.

पाठीमागे टक् झालं.

मी वळले. खुर्ची माथ्यावरून निघाली होती. वेग नव्हता, घाई नव्हती. रिकामी खुर्ची रुळावरून खाली जात होती, आणि मी दाराची चौकट धरून बघत राहिले. तळाशी जाऊन ती थांबली. गादी मधोमध दबलेली होती. मग, कुणी हात टेकून उठावं तशी, ती हळूहळू फुगून वर आली.

फोन वाजला.

"बाबा खाली आले."

‘खाली’ हा शब्द मी स्क्रिप्टमध्ये लिहिलेलाच नव्हता. तिला फक्त वर न्यायचं माहीत होतं. मी पायरीवरच बसले, आणि तिथून मला जिन्याच्या तळाचा एवढासा चौकोन दिसत होता. आईच्या चपला मघाशी मधोमध होत्या. आता त्या भिंतीच्या कडेला, तिरक्या झाल्या होत्या. बाबा येता जाता त्या पायानं तशाच सरकवायचे, आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं.

"बघितलंस?" आई माझ्या डोक्यावरून वाकून बघत कौतुकानं म्हणाली. "अजून तीच सवय."

स्वयंपाकघरात पातेलं वाजलं. नळ सुटला, बंद झाला. लायटरचा खटका एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पेटल्याचा भप्प आवाज. बाबांना तो कधीही पहिल्या झटक्यात जमला नाही.

खुर्ची वर यायला लागली होती. ती आईपाशी येऊन थांबली तेव्हा आईनं केस सारखे केले, पदर खोचला, आणि बसायला जाताना माझ्या खांद्यावर हात टेकला.

"ये मागून," ती म्हणाली. मग क्षणभर कान देऊन कुणाला तरी म्हणाली, "नीट."

खुर्ची निघाली. आई सरळ बसून, हात मांडीवर ठेवून, वरातीत निघाल्यासारखी ऐटीत खाली चालली होती. निम्म्या वाटेत पोचली आणि माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला. मी वाचलं, आणि वाचल्या वाचल्या तिला सांगावंच लागलं, कारण आमच्या घरात ते सांगावंच लागतं.

"आई, दूध वर आलं."

"अहो!" आई खालच्या बाजूला मान वळवून ओरडली, तिच्या नेहमीच्या, भांडायच्या, सुखाच्या आवाजात. "लक्ष कुठे आहे? गॅस बारीक करा!"

घरात सगळं थांबलं. मी कठडा पकडला.

मग स्वयंपाकघरात बटण फिरल्याचा आवाज आला, आणि गॅस बारीक झाला.